मापांत न मावणारी संख्या

कागदावर किंवा पाटीवर हिशेब करणाऱ्याला संख्येची मर्यादा अशी कधीं जाणवत नाहीं. बेरीज करतां करतां एक स्थान वाढलें, तर तो डावीकडे आणखी एक अंक मांडतो आणि पुढें चालतो. भास्कराचार्यांनीं इसवी सन ११५० मध्यें रचलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलेलीं आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यें. नांवें तेथें संपलीं, परंतु पाटी संपली नाहीं. एकोणिसावें स्थान मांडावयाचें मनांत आलें तर गणिताची कोणतीहि आडकाठी नव्हती.

संगणकाची गोष्ट निराळी आहे. त्याच्यापाशीं पाटी नसून मोजकीं घरें आहेत. प्रत्येक घरांत शून्य किंवा एक यांपैकीं एकच अंक बसतो. अशा एका घरास बिट म्हणतात. आठ घरांची ओळ घेतली तर तिच्यांत शून्यापासून २५५ पर्यंतच्या संख्या मावतात. सोळा घरांत ६५,५३५ पर्यंत आणि बत्तीस घरांत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत मजल जाते. यांपैकीं निम्म्या जागा ऋणसंख्यांसाठीं राखून ठेवल्या, तर धनसंख्येची मर्यादा अर्ध्यावर येते. सोळा घरांत ती ३२,७६७ असते आणि बत्तीस घरांत २,१४,७४,८३,६४७ असते.

चौसष्ट घरांचें काय, हें सांगण्यास बुद्धिबळाच्या पटाची जुनी कथा उपयोगी पडते. पहिल्या घरांत गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, याप्रमाणें चौसष्ट घरें दुप्पट करीत भरावयाचीं, असें बक्षीस मागणाऱ्या चतुर माणसाची कथा आपण ऐकलीच असेल. त्या सर्व दाण्यांची बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ होते. चौसष्ट बिटांच्या घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच आहे, कारण संगणकाचीं घरेंहि त्याच दुपटीच्या नियमानें चालतात. ही संख्या सुमारें १८४ परार्ध भरते. म्हणजे प्राचीन नांवांची यादी जेथें संपते, त्याच्याहि बरेंच पुढें हें माप जातें. परंतु कितीहि मोठें झालें तरी तें माप आहे आणि मापाला कांठ असतो.

त्या कांठावरून संख्या सांडली तर काय होतें? मोटारीच्या अंतरमापकांत पांचच अंकांची जागा असली आणि ९९,९९९ मैल पुरे झाले, तर पुढच्या मैलास तेथें पांच शून्यें दिसतात. गाडी नवी झालेली नसते, केवळ मापानें सहावें स्थान टाकून दिलेलें असतें. केवळ धनसंख्या धरणाऱ्या मापाचें वर्तन असेंच असतें. ऋणचिन्ह धरणाऱ्या मापाविषयीं तर सी या संगणकभाषेचे नियम स्पष्टच सांगतात कीं, संख्या मापाबाहेर गेल्यास काय घडेल याची हमी नाहीं. येथें लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं, यंत्र बहुधा तक्रार करीत नाहीं. चूक करणारा मुलगा निदान अडखळतो. यंत्र चुकीचें उत्तर त्याच आत्मविश्वासानें देतें.

हा विषय केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं, हें दाखविण्यास एकच उदाहरण पुरेसें आहे. ४ जून १९९६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील फ्रेंच गियानामध्यें कुरू येथील तळावरून युरोपच्या अवकाशसंस्थेचा एरियन-५ हा नवा अग्निबाण प्रथमच उडाला. मुख्य यंत्र पेटल्यानंतर सुमारें सदतीस सेकंदांनीं तो वाट सोडून कलंडला आणि फुटून नष्ट झाला. त्यावरील चार वैज्ञानिक उपग्रहहि त्याबरोबर गेले. चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, बाणाच्या आडव्या गतीशीं संबंध असलेली एक संख्या चौसष्ट बिटांच्या मापांतून सोळा बिटांच्या मापांत ओतली जात होती. आधींच्या एरियन-४ या बाणाची गति बेतानें वाढणारी असल्यामुळें त्याच्या बाबतींत ती संख्या लहान मापांत मावत असे. नवा बाण अधिक वेगवान होता. त्याची संख्या मावली नाहीं. दिशा सांभाळणारी गणनेची यंत्रणा बंद पडली. तिच्या जोडीस ठेवलेल्या राखीव यंत्रणेंतहि तोच कार्यक्रम असल्यामुळें तीहि त्याच कारणानें आधींच बंद पडली होती. तो कार्यक्रम सी भाषेंत नव्हे, तर अडा नांवाच्या दुसऱ्या भाषेंत लिहिलेला होता, हें मुद्दाम सांगतों. दोष भाषेचा नव्हता. जुन्या गाडीस पुरलेलें माप नव्या गाडीसहि पुरेल, हें कोणीं विचारून पाहिलें नव्हतें.

दुसरें उदाहरण अजून घडावयाचें आहे. पुष्कळ संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या आरंभापासून किती सेकंद लोटले यावरून. ही मोजदाद जेथें ऋणचिन्हासह बत्तीस बिटांत ठेवलेली आहे, तेथें १९ जानेवारी २०३८ रोजीं, आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळीं आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटें सात सेकंद झाले कीं माप काठोकाठ भरेल. पुढच्या सेकंदाला तें यंत्र स्वतःस १९०१ सालांत समजूं लागेल. चौसष्ट बिटांचें माप घेतलें तर हीच अडचण सुमारें २९,२०० कोटी वर्षें पुढें जाते. म्हणून जुनीं मापें बदलण्याचें काम जगभर चाललें आहे. परंतु बदलण्यापूर्वीं, आपल्या यंत्रांत आज कोणतें माप आहे, हें ठाऊक असावयास पाहिजे. आजच्या भाषणाचा खरा विषय हाच आहे: यंत्राचें माप कसें विचारावें?

संगणकास जी भाषा कळते ती माणसास लिहावयास फार क्लेशदायक. म्हणून माणूस सी यासारख्या सुटसुटीत भाषेंत मजकूर लिहितो आणि कंपायलर नांवाचा एक दुभाष्या त्याचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करतो. सी भाषा अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास घडविली. या भाषेंत पूर्ण संख्येच्या मापास 'इंट' असें नांव आहे. त्याहून मोठें तें 'लॉंग', आणि १९९९ च्या नियमावलींत आलेलें आणखी मोठें तें 'लॉंग लॉंग'. मात्र या नांवांनीं किती बिट घ्यावयाचे हें भाषेनें नेमकें ठरवून दिलेलें नाहीं. इंट निदान सोळा बिटांचा असावा, लॉंग निदान बत्तीस, लॉंग लॉंग निदान चौसष्ट, एवढीच अट आहे.

यावरून आपल्याकडच्या पायलीची आठवण होते. पायली हें नांव महाराष्ट्रभर एकच, परंतु एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्याच्या पायलीशीं जुळेलच असें नसे. गांवांतल्या गांवांत व्यवहार असेपर्यंत कोणाचें कांहीं अडत नव्हतें. धान्य गांवाबाहेर विकावयास नेलें म्हणजे प्रश्न उद्भवे. सी भाषेचें तसेंच झालें. ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांनीं १९७८ सालीं या भाषेचें जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत चार निरनिराळ्या यंत्रांवरील मापांचा तक्ता दिला आहे. एकावर इंट सोळा बिटांचा, एकावर छत्तीसांचा आणि दोहोंवर बत्तीसांचा. आजहि हा भेद गेलेला नाहीं. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर लिनक्स पद्धति असेल तर लॉंग चौसष्ट बिटांचा असतो. त्याच यंत्रावर विंडोज असेल तर तो बत्तीसांचाच राहतो. नांव तेंच, यंत्र तेंच, आणि माप मात्र निम्में.

पायलीचा घोळ आपल्या देशांत १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानें मिटला; किलो सर्वत्र किलोच झाला. सी भाषेंत हें काम १९९९ च्या नियमावलीनें केलें. तिनें अशीं नवीं नांवें दिलीं कीं, ज्यांत मापाचा आंकडाच गोंवलेला आहे: इंट-आठ, इंट-सोळा, इंट-बत्तीस, इंट-चौसष्ट. हीं नांवें सर्वच यंत्रांवर असलीं पाहिजेत अशी सक्ति मात्र नाहीं, कारण छत्तीस बिटांच्या यंत्रावर नेमकें बत्तीसांचें माप कोठून आणावयाचें? परंतु एक चांगली अट घातली. जेथें नांव असेल, तेथें त्या मापाची कमाल संख्या सांगणारी खूणहि जाहीर केलेली असलीच पाहिजे. त्यामुळें लेखकाला आपल्या मजकुरांतच असें लिहितां येतें कीं, 'ही खूण जाहीर असेल तर हें माप वापर, नसेल तर तें वापर.' कंपायलर रूपांतर करण्यापूर्वींच या अटीचा निकाल लावतो.

चौसष्ट बिटांपर्यंत व्यवस्था अशी लागली. पण त्यापुढें? कोणी म्हणेल, १८४ परार्ध पुरत नाहींत असा व्यवहार तरी कोणता? तो व्यवहार आपण घरबसल्या करतों. बँकेशीं किंवा टपालाशीं आपला संगणक जेव्हां गुप्तपणें बोलतो, तेव्हां पुष्कळदां दोन्ही बाजूंमध्यें २५५ बिटांच्या संख्यांचे गुणाकार चाललेले असतात. यंत्र या संख्यांचे तुकडे करून ते एकमेकांशीं गुणतें. आतां, दोन अंकी संख्येला दोन अंकी संख्येनें गुणलें तर उत्तर चार अंकांपर्यंत जातें, हें आपण जाणतां. तसेंच चौसष्ट बिटांना चौसष्ट बिटांनीं गुणलें तर उत्तरास एकशें अठ्ठावीस बिट लागतात. तेवढें माप भाषेनें दिलें तर काम सरळ आणि जलद होतें; न दिलें तर वरचें अर्धें उत्तर सांडतें.

जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरानें आपल्या ४.६ या आवृत्तींत, २०११ सालीं, 'इंट१२८' हें माप दिलें. पुढें क्लँग नांवाच्या दुसऱ्या कंपायलरांतहि तें आलें. परंतु हें भाषेच्या नियमावलींतलें माप नव्हे. ही कंपायलरानें आपल्या पदरची घातलेली भर आहे, आणि ती सर्वत्र मिळत नाहीं. जीसीसी स्वतःच बत्तीस बिटांच्या सामान्य यंत्रांसाठीं हें माप देत नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरांत तें नाहीं. म्हणून जो लेखक आपला मजकूर दहा ठिकाणीं चालावा अशी इच्छा धरतो, त्याला विचारणें भाग आहे. आणि विचारण्याच्या रीतींत फरक आहे.

पहिली रीत कूळ विचारण्याची. 'तूं जीसीसी आहेस काय? तुझी आवृत्ति ४.६ किंवा नंतरची आहे काय? असेल तर तुझ्याकडे मोठें माप असणारच.' ही रीत सोपी आहे म्हणून लोकप्रिय आहे आणि ती दोन्ही बाजूंनीं फसते. एकीकडे, नवीन जीसीसी बत्तीस बिटांच्या यंत्रासाठीं काम करीत असेल तर कूळ जुळतें, पण माप नसतें. दुसरीकडे, क्लँग हा कंपायलर जुना मजकूर अडूं नये म्हणून स्वतःस जीसीसीच म्हणवितो, आणि आवृत्ति विचारली तर ४.२ असें सांगतो. तेव्हां ४.६ ची अट घालणारा लेखक त्यास अपात्र ठरवितो. वस्तुतः माप त्याच्या हाताशीं तयार असतें! ऋषीचें कूळ विचारूं नये अशी आपली म्हण आहे. कंपायलराच्या बाबतींत ती अक्षरशः खरी आहे.

दुसरी रीत, जी वस्तु पाहिजे तिच्याच नांवानें विचारण्याची. येथें एक बारकावा आहे. अटींचा निकाल लावणारा कंपायलराचा पहिला भाग मापें ओळखीत नाहीं. त्याला फक्त जाहीर खुणा कळतात. म्हणून 'इंट१२८ आहे काय?' असा थेट प्रश्न त्याला करतां येत नाहीं. परंतु जीसीसी व क्लँग हे दोघेहि, जेथें हें माप उपलब्ध आहे तेथें, त्याचा आकार सांगणारी एक खूण आपण होऊन जाहीर करतात. 'साइझऑफ इंट१२८' असें तिचें नांव, मागेंपुढें दोन दोन अधोरेखा जोडलेलें. ती खूण दिसली तर माप आहे, न दिसली तर नाहीं असें समजून चालावें. हा प्रश्न कुळाचा नाहीं, यंत्राचा नाहीं, आवृत्तीचाहि नाहीं. दुकानांत जाऊन 'आपण कोणत्या गांवचे?' असें न विचारतां 'तांदूळ आहे काय?' असें विचारावें, तसा हा सरळ प्रश्न आहे.

तिसरी रीत शितावरून भाताची परीक्षा करण्याची. मोठा कार्यक्रम बांधण्यापूर्वीं पांचसहा ओळींचा एक लहानसा नमुना कंपायलरापुढें ठेवावयाचा. त्यानें तो स्वीकारला तर माप आहे, झिडकारला तर नाहीं. १९९१ सालीं निघालेलें ऑटोकॉन्फ हें साधन हेंच काम करणाऱ्या तपासणीच्या याद्या तयार करून देतें. ही रीत सर्वांत विश्वासाची, परंतु शीत नीट निवडावें लागतें. नमुन्यांत नुसती बेरीज करून समाधान मानूं नये. एकशें अठ्ठावीस बिटांची बेरीज कंपायलर दोन तुकड्यांत स्वतःच उरकतो. भागाकार मात्र तसा उरकत नाहीं. त्यासाठीं तो एका वेगळ्या मदतनीस कार्यक्रमास हांक मारतो. विंडोजवर क्लँग वापरणारांस हा अनुभव येतो: कंपायलर माप मान्य करतो, बेरीज होते, आणि भागाकार आला कीं शेवटच्या जोडणीच्या वेळीं मदतनीसच सांपडत नाहीं. म्हणून नमुन्यांत एक भागाकार अवश्य असावा आणि जोडणीपर्यंत तो नेऊन पाहावा.

आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. पुष्कळदां मजकूर एका यंत्रावर रूपांतरित होतो आणि चालावयाचा असतो दुसऱ्याच यंत्रावर, उदाहरणार्थ खिशांतल्या दूरध्वनींत किंवा धुण्याच्या यंत्रांत. तेथें नमुना चालवून पाहण्याची सोय नसते. अशा वेळीं परीक्षा रूपांतराच्याच वेळीं घ्यावी लागते. सी भाषेच्या २०११ च्या नियमावलीनें यासाठीं एक ठाम प्रतिज्ञा लिहिण्याची सोय केली आहे: 'या मापाचा आकार सोळा बाइट आहे.' हें विधान खोटें ठरलें तर कंपायलर तेथेंच काम थांबवितो. अग्निबाण आकाशांत गेल्यावर चूक कळण्यापेक्षां ती लेखकाच्या टेबलावर कळावी, हा या सोयीचा हेतु.

श्रोतेहो, येथवर 'आहे' कीं 'नाहीं' याचा विचार झाला. परंतु 'आहे' या उत्तराचा अर्थ किती, हेंहि पाहिलें पाहिजे. इंट१२८ आहे म्हणजे त्या मापांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करतां येतात. परंतु एवढी मोठी संख्या मजकुरांत अंकांनीं सरळ लिहितां येत नाहीं. ती दोन तुकड्यांतून जोडावी लागते. ती छापून दाखविण्याची आज्ञाहि नेहमींच्या छपाईच्या साधनांत नाहीं. दहानें पुनःपुन्हां भागून एकेक अंक स्वतः काढावा लागतो. कोठारांत धान्य आलें, पण मोजून देणारा अजून नेमलेला नाहीं, अशी ही स्थिति आहे.

याचें कारण मनोरंजक आहे. १९९९ च्या नियमावलीनें 'सर्वांत मोठें माप' या अर्थाचेंहि एक नांव ठेवलें आणि सांगितलें कीं, कंपायलराचें कोणतेंहि पूर्णसंख्येचें माप याच्यांत मावलें पाहिजे. बहुतेक ठिकाणीं तें चौसष्ट बिटांचें ठरलें. पुढें असंख्य तयार कार्यक्रमांनीं एकमेकांशीं देवघेव करतांना तेंच गृहीत धरलें. आतां इंट१२८ ला नियमावलीच्या अर्थानें 'विस्तारित पूर्णांकमाप' ही पदवी द्यावी, तर सर्वांत मोठें मापहि वाढवावें लागेल, आणि तें वाढविलें तर जुन्या सर्व कार्यक्रमांचा परस्परांतील करार मोडेल. म्हणून जीसीसीनें माप दिलें, पण ती पदवी दिली नाहीं. आज घातलेली सोयीची अट उद्यां कशी पायांत येते, याचा हा चांगला धडा आहे.

सी भाषेची नवी नियमावली २०२४ सालीं प्रसिद्ध झाली. तिनें ही अट सैल केली, आणि शिवाय एक नवें माप दिलें. 'बिट-इंट' असें त्याचें नांव, आणि कंसांत आपणांस पाहिजे तितक्या बिटांचा आंकडा लिहावयाचा. शंभर पाहिजेत तर शंभर, दोनशें पाहिजेत तर दोनशें. परंतु अमर्याद नव्हे. प्रत्येक कंपायलरानें आपली कमाल मर्यादा एका ठरलेल्या खुणेनें जाहीर केलीच पाहिजे, आणि ती लॉंग लॉंगच्या मापाहून कमी असतां कामा नये, असा नियम आहे. म्हणजे आतां प्रश्न 'आहे कीं नाहीं' असा न राहतां 'किती आहे' असा झाला, आणि त्याचें उत्तर देण्याचें बंधन कंपायलरावर आलें. जीसीसीच्या २०२४ मधील चौदाव्या आवृत्तींत, चौसष्ट बिटांच्या प्रचलित इंटेल जातीच्या यंत्रांसाठीं हें माप आलें. तेथें त्याची मर्यादा ६५,५३५ बिट आहे. परंतु जुने कंपायलर अद्याप ठिकठिकाणीं कामावर आहेत. तेव्हां विचारण्याची गरज संपलेली नाहीं, फक्त प्रश्न अधिक स्वच्छ झाला आहे.

उत्तर 'नाहीं' असें आलें तर निराश होण्याचें कारण नाहीं. प्राथमिक शाळेंतला हातचा येथें कामास येतो. मोठी संख्या चौसष्ट बिटांच्या दोन भागांत ठेवावी, जशी आपण एकं आणि दहं ठेवतों. आधीं खालचे भाग मिळवावे. हातचा आला हें यंत्र सांगत नाहीं, पण ओळखण्याची युक्ति सोपी आहे: धनसंख्यांची बेरीज मिळविलेल्या संख्येपेक्षां लहान दिसली, तर माप सांडलें असें समजून वरच्या भागांत एक मिळवावा. गुणाकारासाठीं प्रत्येक संख्येचे बत्तीस बिटांचे दोन तुकडे करून चार गुणाकार करावे आणि स्थानें सांभाळून बेरीज घ्यावी. दोन अंकी गुणाकाराची पाटीवरची मांडणी ती हीच. मेहनत अधिक, वेळहि थोडा अधिक, पण उत्तर तेंच.

मग ही हातानें बांधलेली वाट आणि कंपायलराची तयार वाट, दोन्ही एकच उत्तर देतात हें कशावरून ठरवावें? त्यासाठीं असें उदाहरण घ्यावें कीं, ज्यांत माप काठोकाठ भरतें आणि ज्याचें उत्तर आपणांस आधीं ठाऊक आहे. ९ गुणिले ९ म्हणजे ८१. ९९ गुणिले ९९ म्हणजे ९८०१. ९९९ गुणिले ९९९ म्हणजे ९,९८,००१. घरांतील मुलांकडून हें करवून घ्यावें; त्यांना गंमत वाटेल. प्रत्येक वेळीं उत्तराच्या खालच्या अर्ध्या भागांत केवळ एक राहतो, आणि वरच्या अर्ध्या भागांत मूळ संख्येहून एक कमी येतो. हा नियम दहाच्या पद्धतीपुरता नाहीं. चौसष्ट बिटांतल्या सर्वांत मोठ्या संख्येस, म्हणजे बुद्धिबळाच्या पटावरील त्या दाण्यांच्या संख्येस, तिनेंच गुणलें तरी असेंच होतें: खालच्या चौसष्ट घरांत एक आणि वरच्या चौसष्ट घरांत ती संख्या उणें एक. हें उत्तर दोन्ही वाटांनीं आलें, तर सर्वांत अवघड ठिकाणीं हातचा सांडत नाहीं याची बरीच खातरी पटते. सोपीं उदाहरणें कितीहि बरोबर आलीं तरी ती पटत नाहीं. एरियन-४ च्या सर्व उड्डाणांत तो हिशेब बरोबरच येत होता.

या सर्वांतून जें घ्यावयाचें तें थोडक्यांत सांगून मी आपली रजा घेतों. नांवावरून माप गृहीत धरूं नये. कूळ न विचारतां जी वस्तु हवी तिच्याच नांवानें विचारावें. 'आहे' असें उत्तर आलें तरी त्या 'आहे'च्या पोटांत काय काय येतें हें करून पाहावें, आणि तें कांठाशीं करून पाहावें. 'नाहीं' असें आलें तर दुसरी वाट आधींच बांधून ठेवावी. आज आपले पगार, पेन्शन, आगगाडीचीं तिकिटें, रुग्णालयांतील नोंदी, सर्व कांहीं अशा अदृश्य मापांतून मोजलें जात आहे. आपल्यापैकीं फारच थोड्यांना सी भाषा लिहावी लागेल. परंतु आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्यां तें काम करील, तेव्हां त्यांनीं हिशेब सुरू करण्यापूर्वीं माप विचारून घ्यावें. संवय म्हणून ही फार लहान आहे, पण ती नसल्यामुळें एक अग्निबाण सदतीस सेकंदांत नाहींसा झाला.